एक अक्षर, नऊ कोटी पेशी

दहा रुपयांची दोन नाणी शेजारी-शेजारी ठेवली तर जेवढी जागा अडेल, साधारण तेवढेच क्षेत्रफळ माणसाच्या एका दृष्टिपटलाचे असते. जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या जागेत किती पेशी मावतात, याची नीट मोजदाद अमेरिकेतल्या क्रिस्टीन कर्सिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली प्रसिद्ध केली. मृत्यूनंतर दान केलेल्या डोळ्यांचे पडदे सपाट पसरून, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजून त्यांनी सरासरी काढली. एका डोळ्यात दंडपेशी 9 कोटी 20 लाख आणि शंकुपेशी 46 लाख. अंधुक उजेडात दिसते ते दंडपेशींमुळे. रंग, वाचन, समोरच्या माणसाचा चेहरा हे शंकुपेशींचे काम. म्हणजे ज्या पेशींच्या जिवावर आपण वाचतो, त्या एकूण प्रकाशग्राही पेशींच्या जेमतेम 5 टक्के आहेत. पडद्याच्या मध्यबिंदूवर मात्र त्यांची अशी दाटी होते की एका चौरस मिलिमीटरमध्ये सरासरी 2 लाख शंकुपेशी उभ्या असतात आणि दंडपेशीला तिथे जागाच उरत नाही.

आता एकच दंडपेशी घेऊ. तिच्या टोकाशी चकत्यांची एक चळत असते, सुमारे हजार चकत्यांची. या चकत्यांवर रोडॉप्सिन नावाचे प्रथिन बसवलेले असते आणि एका पेशीत त्याचे रेणू असतात सुमारे 10 कोटी. प्रकाशाचा एक कण, म्हणजे एक फोटॉन, यांपैकी एका रेणूवर आदळला तरी पेशीला ते कळते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सेलिग हेख्ट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1942 साली दाखवून दिले की अंधाराला सरावलेल्या डोळ्याला उजेडाचा पुसट ठिपका जाणवायला बुबुळावर 54 ते 148 फोटॉन पडले तरी पुरतात. त्यांतलेही दहाएक टक्केच दंडपेशींपर्यंत पोचून शोषले जातात. अशा नाजूक यंत्रणेत खोटे इशारे किती निघत असतील, असे कुणालाही वाटेल. पण अंधारात, काहीही कारण नसताना आपणहून पलटण्याची वेळ रोडॉप्सिनच्या एका रेणूवर सरासरी चारशे-पाचशे वर्षांत एकदा येते. इतका स्थिर पदार्थ निसर्गाने आपल्या डोळ्यात लाखांनी नव्हे, कोटींनी भरून ठेवला आहे.

एका डोळ्यातले हे रेणू मोजायचे तर नऊ कोटींना दहा कोटींनी गुणायचे. उत्तर येते एकावर सुमारे सोळा शून्ये. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त संख्यांची जी नावे दिली आहेत, त्यांत सोळा शून्यांच्या संख्येला ‘मध्य’ म्हणतात. त्यापुढे यादीत फक्त परार्ध उरतो.

हा साठा स्थिर नसतो. रिचर्ड यंग या शास्त्रज्ञाने 1960च्या दशकात दाखवले की दंडपेशी आपल्या चकत्या सतत नव्याने घडवत असते. तळाशी नव्या चकत्या येतात, टोकाकडच्या जुन्या गळून पडतात आणि दहाएक दिवसांत पूर्ण चळत बदलते. माकडाच्या दंडपेशीत रोज ऐंशी-नव्वद चकत्या नव्याने बनतात. माणसाच्या डोळ्यात हाच वेग धरला तर एका डोळ्यात दिवसाला सातशे कोटींच्या वर चकत्या होतात. गळलेला सगळा माल पडद्यामागच्या रंगद्रव्यपेशी गिळून पचवतात. या पेशी प्रत्येक डोळ्यात काही दशलक्षच असतात, जन्मभर जवळजवळ विभागत नाहीत, आणि एकेक पेशी तीस-चाळीस प्रकाशग्राही पेशींची सफाई सांभाळते. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही पेशीला आयुष्यभर एवढे गिळावे लागत नाही.

खर्चही तसाच. अंधारात एक दंडपेशी दर सेकंदाला एटीपी या इंधनाचे सुमारे 10 कोटी रेणू जाळते. उजेडात उलट कमी. म्हणजे रात्री दिवा मालवून आपण छताकडे बघत पडलेलो असतो, तेव्हा एकेका डोळ्यात दर सेकंदाला एक ‘मध्य’ रेणू खर्ची पडत असतात. हा पुरवठा टिकवायला पडद्यामागे रक्तवाहिन्यांचे दाट जाळे आहे आणि शरीरातले सर्वांत जोरदार रक्ताभिसरण जिथे चालते अशा मोजक्या जागांत त्याची गणना होते.

एवढा पसारा ज्या सूचनांवर चालतो, त्या सूचनांतले एक अक्षर चुकते.

माणसाचा जनुकीय मजकूर 300 कोटींहून अधिक अक्षरांचा आहे. रोडॉप्सिनच्या साखळीत 348 अमिनो आम्ले आहेत. त्यांतले तेविसावे प्रोलिन. एका अक्षराच्या बदलाने तिथे हिस्टिडिन येते आणि प्रथिनाची घडी बिघडते. 1990 साली थॅडियस ड्रायजा यांच्या बॉस्टनमधल्या गटाने रेटिनायटिस पिगमेंटोसाच्या रुग्णांत हा बदल शोधला. या आजाराला डॉक्टर आणि रुग्ण दोघेही ‘आरपी’ म्हणतात. आरपीचे नेमके कारण जनुकात सापडण्याची ती पहिली वेळ. त्यानंतर एकट्या रोडॉप्सिनमध्येच दीडशेहून अधिक बिघाड सापडले, आणि आरपीला कारण ठरणाऱ्या जनुकांची संख्या ऐंशीच्या पुढे गेली. दृष्टिपटलाचे सगळे आनुवंशिक आजार धरले तर ही संख्या अडीचशेच्याही वर जाते.

रुग्णाला यातले काही दिसत नाही. त्याला दिसतो तो रातांधळेपणा. लग्नाच्या मांडवातून अंधाऱ्या बोळात आल्यावर पाय अडखळतो, सिनेमागृहात खुर्ची सापडत नाही, शाळेत पोरे त्याला आंधळा म्हणून चिडवतात आणि घरचे गाजर खायला घालतात. पुढे कडेचे दिसणे कमी होत जाते. नजरेचे वर्तुळ बाहेरून आत आक्रसत येते.

या आक्रसण्याचाही एक हिशेब आहे. एलियट बर्सन यांच्या गटाने 1985 साली आरपीच्या रुग्णांचा तीन वर्षे पाठपुरावा करून तो मांडला. उरलेल्या दृष्टिक्षेत्राचे सरासरी 4.6 टक्के दरवर्षी जातात. दृष्टिपटलाचा विद्युत प्रतिसाद, म्हणजे ईआरजी, त्याहून झपाट्याने घटतो. उरलेल्याच्या सुमारे 16 टक्के दर वर्षी. ‘उरलेल्याच्या’ हा शब्द इथे महत्त्वाचा. बँकेतल्या चक्रवाढीचेच हे गणित, फक्त उलट्या दिशेने. 16 टक्क्यांनी विद्युत प्रतिसाद चार वर्षांत निम्मा होतो. 4.6 टक्क्यांनी दृष्टिक्षेत्र निम्मे व्हायला पंधरा वर्षे लागतात, आणि चाळीस वर्षांनी मूळच्या साधारण 15 टक्के उरते. सरासरीच ही. कुणाची नजर तिशीत संपते, कुणी सत्तरीतही पेपर वाचतो.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. रोडॉप्सिन फक्त दंडपेशीत असते. शंकुपेशी ते बनवतच नाही, तिच्यात ते चुकलेले अक्षर कधी वापरलेच जात नाही. तरीही दंडपेशींच्या मागोमाग शंकुपेशी मरतात. रात्रीचे दिसणे गेले तर माणूस कसाबसा निभावून नेतो. पण आधी कडेची आणि शेवटी मधली शंकुपेशी गेली की उजेडही जातो. ज्यांचा काही दोष नाही त्या 46 लाख पेशी का मरतात?

1993 सालच्या एका प्रयोगाने या प्रश्नाला धार आणली. फुल्टन वाँग आणि सहकाऱ्यांनी असे उंदीर तयार केले की त्यांच्या दृष्टिपटलाचा काही भाग सदोष रोडॉप्सिनच्या पेशींचा आणि काही भाग पूर्ण निरोगी पेशींचा. दोन्ही प्रकारच्या पेशी एकमेकींत मिसळून बसलेल्या. अपेक्षा अशी की सदोष पेशी मरतील, निरोगी उरतील आणि पडद्यावर ठिगळे दिसतील. ठिगळे दिसली नाहीत. ऱ्हास सगळीकडे सारखाच पसरला. निरोगी जनुके असलेल्या दंडपेशीही शेजाऱ्यांबरोबर गेल्या. पेशीचा मृत्यू तिच्या स्वतःच्या जनुकावरच ठरत नाही, आजूबाजूला काय चालले आहे त्यावरही ठरतो, हे तिथे उघड झाले.

आजूबाजूला काय चालते? एक उत्तर प्राणवायूचे आहे. दंडपेशी संपल्या तरी मागचे रक्ताचे जाळे पूर्वीइतकाच प्राणवायू सोडत राहते. खाणारे गेले, पुरवठा तसाच. त्या जादा प्राणवायूने उरलेल्या शंकुपेशी भाजून निघतात. दुसरे उत्तर दाहाचे, आणि गेल्या वीस वर्षांत त्याकडे जितके लक्ष गेले तितके त्याआधी कधीच गेले नव्हते.

दृष्टिपटलात मायक्रोग्लिया नावाच्या पहारेकरी पेशी असतात. त्या मूळच्या डोळ्याच्या नव्हेत. गर्भ काही दिवसांचा असताना त्याच्याबाहेरच्या पीतक पिशवीत त्यांचे पूर्वज जन्मतात आणि तिथून मेंदूत व डोळ्यात येऊन स्थायिक होतात. एरवी त्या पडद्याच्या आतल्या थरांत असतात, बारीक फांद्या सतत हलवत शेजार चाचपत असतात. दंडपेशींची केंद्रके जिथे रचलेली असतात त्या बाहेरच्या थरात त्या फिरकत नाहीत. आरपीत हा नियम मोडतो. 2003 साली अॅन मिलाम यांच्या गटाने आरपीच्या रुग्णांनी मृत्यूनंतर दान केलेले डोळे तपासले, तेव्हा त्या निषिद्ध थरात फुगलेल्या, खवळलेल्या मायक्रोग्लिया सापडल्या. त्यांच्या पोटात रोडॉप्सिन होते.

मेलेल्या पेशींचा कचरा उचलायला त्या आल्या असतील, असे म्हणून हा विषय तिथेच मिटवता आला असता. पण अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटमध्ये वाय वाँग यांच्या गटाने 2015 साली जे प्रसिद्ध केले ते त्यापुढचे होते. उंदराच्या एका डोळ्यात सुमारे 64 लाख दंडपेशी असतात. आरडी-10 नावाच्या जातीत जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांतच त्या मरू लागतात. या गटाने जिवंत पडद्याचे चित्रण केले आणि त्यात मायक्रोग्लिया जिवंत दंडपेशी गिळताना दिसल्या. तणावाखालच्या दंडपेशीच्या आवरणावर ‘मला खा’ असा रासायनिक इशारा उमटतो, आणि ती अजून जगू शकली असती तरी गिळली जाते. वर या खवळलेल्या पेशी जी दाहकारक रसायने सोडतात, त्यांनी शेजारच्या पेशीही खचतात. मायक्रोग्लिया काढून टाकल्या किंवा त्यांचे गिळणे रोखले तेव्हा ऱ्हास मंदावला.

हे फक्त उंदरांचे नाही. जपानमधल्या फुकुओकाच्या क्यूशू विद्यापीठातील नेत्रतज्ज्ञांनी 2013 साली पाचशेहून अधिक आरपी रुग्णांची पाहणी छापली. सुमारे 37 टक्के रुग्णांच्या डोळ्यातील काचद्रवात दाहाच्या पेशी तरंगताना दिसल्या. दाहपेशींना हाकारणाऱ्या एमसीपी-1 या रसायनाचे प्रमाणही रुग्णांच्या डोळ्यात वाढलेले होते. बाहेरून असा डोळा लाल नसतो, दुखत नाही, पाणी येत नाही. आत मात्र वर्षानुवर्षे धुमसत असते.

म्हणून पहारेकऱ्यांना संपवून टाकावे का? इथे उत्साही वाचकाला मी थांबवीन. वाय वाँग यांच्याच प्रयोगशाळेने 2019 साली दाखवले की कचरा ओळखून उचलण्याची मायक्रोग्लियाची एक ठरावीक यंत्रणा उंदरांत बंद केली तर ऱ्हास कमी न होता वाढतो. त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठातल्या गटाला आढळले की पडद्यामागे सरकलेल्या मायक्रोग्लिया रंगद्रव्यपेशींचे रक्षण करतात. हार्वर्डमध्ये कॉन्स्टन्स सेप्को यांच्या गटाने 2020 साली टीजीएफ-बीटा-1 हे शांत करणारे प्रथिन उंदरांच्या डोळ्यात वाढवले, तेव्हा शंकुपेशी जास्त टिकल्या, आणि मायक्रोग्लिया काढून घेतल्यावर तो फायदाही गेला. म्हणजे वाचवणाऱ्याही त्याच आणि गिळणाऱ्याही त्याच. त्यांना मारण्यापेक्षा शांत करणे हा मार्ग खरा, असे या सगळ्या निष्कर्षांवरून मला वाटते.

आणि हा मार्ग महत्त्वाचा का, ते आकडेच सांगतात. आनुवंशिक दृष्टिपटल आजारावर अमेरिकेत मान्यता मिळालेले पहिले जनुकीय औषध म्हणजे लक्सटर्ना, डिसेंबर 2017. ते फक्त आरपीई-65 या एका जनुकातल्या बिघाडावर चालते. प्रत्येक डोळ्यात 0.3 मिलिलिटर द्रव, त्यात 15,000 कोटी विषाणूकण, प्रत्येकात जनुकाची निरोगी प्रत. तेव्हाची किंमत एका डोळ्याला 4 लाख 25 हजार डॉलर. दोन डोळ्यांचे त्या वेळच्या दराने साडेपाच कोटी रुपये होतात. ज्या मुलांना अंधुक उजेडात चालता येत नव्हते ती या औषधानंतर चालू लागली. ही वैद्यकाची मोठी झेप आहे आणि तिचे कौतुक हातचे राखून करण्याचे कारण नाही. पण अडीचशेपैकी ते एक जनुक. उरलेल्या प्रत्येकासाठी असेच स्वतंत्र औषध, स्वतंत्र चाचण्या, स्वतंत्र किंमत. शिवाय हजारो कोटी विषाणूकण आत गेल्यावर डोळा खवळतोच, म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीपासून रुग्णाला स्टेरॉइड द्यावे लागते. दाहाचा प्रश्न इथेही टळत नाही.

उलट दाह आणि जादा प्राणवायूचा मारा या दोन गोष्टी जनुक कुठलेही बिघडलेले असो, बहुतेक वाटांवर पुढे भेटतात. तिथे गाठले तर एकच औषध अनेक जनुकांच्या रुग्णांना उपयोगी पडू शकेल. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या पीटर कँपोचियारो यांनी प्राणवायूच्या माऱ्यावर एन-अॅसिटिलसिस्टीन हे जुने, स्वस्त औषध आधी 30 रुग्णांत वापरून पाहिले, आणि 2023 पासून चारशेहून अधिक रुग्णांवर त्याची मोठी चाचणी सुरू झाली. अशी चाचणी दीर्घ असते, कारण 4.6 टक्क्यांची घट मोजायला वर्षे लागतात.

आपल्याकडे या आजाराचे प्रमाण किती? जगात ढोबळमानाने 4,000 लोकांमागे एक आरपीचा रुग्ण धरतात. नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीपुढच्या 4,711 लोकांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष 2012 मध्ये आले. प्रमाण निघाले सुमारे 750 मागे एक. चेन्नईच्या तज्ज्ञांनी चाळिशीपुढच्यांत केलेल्या पाहणीत शहरात 930 मागे एक आणि खेड्यात 372 मागे एक. रुग्णांचे आकडे लहान आहेत, वयाची अट आहे, त्यामुळे हेच प्रमाण सरसकट 140 कोटींना लावणे योग्य नाही. पण जागतिक प्रमाण धरले तरी देशात साडेतीन लाख रुग्ण होतात, आणि खरा आकडा त्याच्या कितीतरी पट असण्याची शक्यता या पाहण्या दाखवतात.

नात्यातली लग्ने हे त्याचे एक कारण. अप्रभावी प्रकारच्या आरपीत आई आणि वडील दोघांकडूनही सदोष प्रत यावी लागते. एखाद्या पुरुषात अशी एक प्रत असेल तर त्याच्या मामेबहिणीत तीच प्रत असण्याची शक्यता आठात एक. ती दोघे जोडीदार झाली आणि दोघांत ती प्रत निघाली, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक. घरात आधीच रातांधळेपणा असताना मामाच्या मुलीशी सोयरीक जुळवणाऱ्यांनी हे दोन अपूर्णांक समोर ठेवावेत.

आजच्या घडीला आरपीचा बहुतेक ऱ्हास थांबवता येत नाही. पण आरपीबरोबर येणाऱ्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होते, आणि पडद्याच्या मध्यभागी पाणी साचून नजर मंदावते तेव्हा त्यावर औषधे आहेत. या दोन्हींसाठी नियमित तपासणी लागते, आणि ‘यावर उपाय नाही’ हे एकदा ऐकून घरी बसलेल्यांची तीच चुकते. दाहाबद्दल वाचून कुणी आपल्या मनाने स्टेरॉइड किंवा एन-अॅसिटिलसिस्टीन सुरू करू नये. स्टेरॉइड लांबले तर काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही होतात, आणि आधीच तोकड्या नजरेवर तो नवा घाला ठरतो. दृष्टी परत आणण्याची हमी देऊन लाखो रुपये मागणाऱ्यांपासून तर दूरच राहावे.

शेवटी डोळे तपासताना वाचायला लावतात त्या अक्षरांच्या तक्त्याविषयी. सॅन फ्रान्सिस्कोतल्या संशोधकांनी 2013 साली आरपीच्या रुग्णांच्या शंकुपेशी जिवंत डोळ्यात मोजल्या. मध्यबिंदूवरच्या जवळपास निम्म्या पेशी गेल्या तरी रुग्ण तक्त्यावरची अक्षरे जवळजवळ पूर्ण वाचत होते. म्हणून ‘6/6 आहे, तुला काय झालंय’ असे कुणी म्हणाले तरी रातांधळेपणा असणाऱ्याने दृष्टिक्षेत्राची चाचणी आणि ईआरजी मागून घ्यावी, जमेल तेव्हा जनुक चाचणीही करावी. दृष्टिक्षेत्र 10 अंशांचे उरले तर एक मीटरवर माणसाला साडेसतरा सेंटिमीटरचे वर्तुळ तेवढे दिसते. त्या वर्तुळात तो पेपर वाचेल आणि फलाटावर माणसांना धडकेल. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दृष्टिक्षेत्र 40 अंशांहून कमी असेल तर अल्पदृष्टी आणि 10 अंशांहून कमी असेल तर अंधत्व धरले आहे, तक्ता कितीही चांगला वाचता येत असला तरी. तुमच्या घरात किंवा ओळखीत असे कुणी असेल, तर दृष्टिक्षेत्राचा अहवाल जोडून त्यांचे दिव्यांग प्रमाणपत्र काढून द्या.